निळ्या एलईडीने दोन बोर्डांमध्ये डेटा: १ एमबीपीएसच्या वर का जात नाही?

चिपजोड
दोन एफपीजीए (हवं तसं जोडता येणारी लॉजिक चिप) बोर्ड समोरासमोर, मध्ये ४ सेंमी. ८ समांतर वाहिन्या प्रकाशाने न्यायच्या आहेत, प्रत्येकी ५० एमबीपीएस. सध्या एकच जोडली आहे. एफपीजीएच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून १०० ओहममधून थेट ०६०३ मापाचा निळा एलईडी. समोर बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाशाचा विद्युतप्रवाह करणारा), उलट दिशेने (रिव्हर्स) ३ व्होल्ट, लोड १० किलोओहम, त्यावर स्कोपचा १०एक्स प्रोब. मध्ये मोकळी हवा.

५०० केबीपीएसला ठीक दिसतं. १ एमबीपीएसच्या पुढे आय (स्कोपवर बिट एकमेकांवर रचले की दिसणारी डोळ्यासारखी आकृती) मिटत जातो, ५ ला नुसती रेघ थरथरते. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये मांडलेल्या मोझेइक या प्रकाशाने डेटा नेणाऱ्या जोडणीच्या नमुन्यात १०० वाहिन्या होत्या, प्रत्येकी २ जीबीपीएस, आणि प्रकाश मायक्रोएलईडीचाच. मग माझा एलईडीच मंद आहे का? बदलून कोणता घ्यावा? जाणकारांनी सांगावं.

ट्रान्सइम्पिडन्स
एलईडीला दोष देण्याआधी रिसीव्हर बघा. बीपीडब्ल्यू३४ चा सक्रिय भाग ७.५ चौ. मिमी, त्यामुळे ३ व्होल्टला त्याची कपॅसिटन्स २५ पीएफच्या आसपास. प्रोबचे १०, बोर्डाचे ५. झाले ४० पीएफ. त्यावर १० किलोओहम म्हणजे बँडविड्थ ४०० किलोहर्ट्झ. तुमचा आय बरोबर तिथेच मिटतोय.

पडताळायला लोड काढा आणि डायोड सरळ स्कोपच्या ५० ओहम इनपुटला द्या. सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली जाईल, म्हणून अ‍ॅव्हरेजिंग लावा. कडा लगेच धारदार झालेल्या दिसतील. एलईडीचा खरा वेग तो.

कायमचा उपाय ट्रान्सइम्पिडन्स अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे डायोडच्या प्रवाहाचा व्होल्टेज करणारा. डायोड एसएफएच२०३ घ्या, १ चौ. मिमीचा, उलट ५ व्होल्टला साधारण ५ पीएफ. पारदर्शक आवरणाचाच घ्या. नावाच्या शेवटी एफए असलेला काळा डायोड इन्फ्रारेडसाठी असतो, निळा प्रकाश त्यातून आत जातच नाही. बीपीडब्ल्यू३४ च्या काळ्या प्रकाराचंही तेच. अ‍ॅम्प्लिफायर ओपीए६५७ (जीबीडब्ल्यू, म्हणजे गेन गुणिले बँडविड्थ, १.६ गिगाहर्ट्झ, सप्लाय ±५ व्होल्ट). डायोड, आयसी आणि ट्रेस मिळून १२ पीएफ धरा. फीडबॅक रेझिस्टर १० किलोओहम ठेवलात तर बँडविड्थ सुमारे ४६ मेगाहर्ट्झ आणि फीडबॅक कपॅसिटर ०.५ पीएफ. तो विसरलात तर सर्किट घंटेसारखं वाजतं. आयसीच्या इन्व्हर्टिंग (−) इनपुटच्या पॅडखालचा ग्राउंड प्लेन कापून टाका, ट्रेस ३-४ मिमीच्या वर नको.

निळाकिरण
वरचं सगळं बरोबर, पण ड्राइव्हही चुकलाय. निळ्या एलईडीलाच ३ व्होल्ट लागतात आणि पिन देते ३.३. रेझिस्टरवर उरतात ०.३, म्हणजे जेमतेम ३ मिलिअँप. त्यात बंद होताना एलईडी ० व्होल्टपर्यंत उतरतो आणि दर बिटला त्याची कपॅसिटन्स पुन्हा ३ व्होल्टपर्यंत भरावी लागते.

७४एसीटी०४ (इन्व्हर्टर गेटची आयसी) घ्या, सप्लाय ५ व्होल्ट. इनपुटला ३.३ व्होल्टचे लॉजिक त्याला चालते. गेटच्या आउटपुटपासून २४० ओहम, त्याला समांतर २२ ते ४७ पीएफ, मग एलईडी. कॅथोड ग्राउंडला न देता −२ व्होल्टला द्या: −५ वरून एलएम३३७ रेग्युलेटरने, एलईडीच्या अगदी पायाशी १०० एनएफचा कपॅसिटर. चालू असताना १५ मिलिअँपच्या आसपास मिळतात आणि बंद असताना एलईडीवर २ व्होल्ट टिकून राहतात. तेवढ्यात तो उजळत नाही, पण पुढच्या बिटला उशीर होत नाही. समांतर कपॅसिटर कडेला जास्तीचा धक्का देतो आणि बंद होताना आतले कॅरियर (प्रकाश देणारे विद्युतभार) ओढून काढतो. तो वाढवत नेलात तर आयमध्ये शिंगं येतात, तिथे थांबा.

पांढरा एलईडी चुकूनही नको. त्याच्या पिवळ्या फॉस्फरची चमक विझायलाच साठेक नॅनोसेकंद लागतात, तुमचा बिट आहे २० चा.

चिपजोड
लोड काढून ५० ओहमवर पाहिलं. कडा २० नॅनोसेकंदांच्या आत आल्या. आभार! मग मायक्रोएलईडीत वेगळं काय असतं? आणि ८ वाहिन्या हवेतूनच नेल्या तर चालेल का?

निळाकिरण
वेगळी असते ती प्रवाहाची घनता. तुमच्या एलईडीतला चिप १५० × २५० मायक्रॉन धरला तर १५ मिलिअँपला घनता येते ४० अँपिअर प्रति चौ. सेंमी. २० मायक्रॉन व्यासाच्या मायक्रोएलईडीत ३ मिलिअँप सोडले की ती हजाराच्या घरात जाते. कॅरियर दाटीने असले की लवकर जुळतात आणि प्रकाश तितक्याच लवकर उमटतो-विझतो. क्षेत्रफळ इवलंसं, म्हणून कपॅसिटन्सही कमी. कार्यक्षमता मात्र त्या घनतेला उतरते.

निळ्या रंगाचा एक फायदा सहसा नजरेतून सुटतो. सिलिकॉनमध्ये ४५० नॅनोमीटरचा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या आत शोषला जातो, ८५० चा पंधरा-वीस मायक्रॉन खोल शिरतो. त्यामुळे निळ्यासाठी डिटेक्टर साध्या सिलिकॉनचा, उथळ आणि वेगवान करता येतो.

ट्रान्सइम्पिडन्स
हवेतून नको. गणित मांडून बघा. ४० मिमीवर १ चौ. मिमीच्या डायोडला एलईडीच्या प्रकाशाचा ०.०२ टक्का मिळतो. एलईडी १० मिलिवॉट टाकतोय असं धरलं तर २ मायक्रोवॉट, म्हणजे ०.४ मायक्रोअँप, म्हणजे १० किलोओहमवर ४ मिलिव्होल्ट. शिवाय शेजारच्या सातांचा प्रकाश प्रत्येक डायोडवर जवळपास तितकाच पडणार.

१ मिमीचा प्लास्टिक फायबर (पीएमएमए; एनए, म्हणजे किती तिरका प्रकाश आत घेतो त्याचं माप, ०.५) एलईडीला टेकवा. तत्त्वतः चौथा भाग प्रकाश आत जातो. हातजोडणीत ५ टक्के धरा, तरी १०० मायक्रोअँप मिळतील. एवढा प्रकाश असेल तर फीडबॅक २.२ किलोओहमवर आणा, कपॅसिटर १ पीएफ. बँडविड्थ ९८ मेगाहर्ट्झवर जाते. वेग वाढवायचा स्वस्तातला मार्ग म्हणजे प्रकाश वाया न घालवणं.

फायबर नव्या ब्लेडने एका दमात कापा, करवतू नका. मग ६००, १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी लावून आठच्या आकड्यात फिरवा. टोक आडव्या उजेडात धरलं की ओरखडा दिसायला नको. एसएफएच२०३ चा घुमट घासून सपाट करा, आतल्या सोनेरी तारेच्या जरा वर थांबा, मग तसंच पॉलिश. फायबरचं बाहेरचं काळं आवरण २.२ मिमी असतं, म्हणून एलईडीच्या बाजूच्या काळ्या ठोकळ्यात २.५४ मिमी अंतराने भोकं पाडा; एसएफएच२०३ स्वतः ५ मिमीचा, त्या बाजूला अंतर जास्त ठेवा. प्रकाशाची गळती तिथेच संपते.

त्यानंतर छळते ती विजेची गळती. ८ एलईडी एकदम पेटले की १२० मिलिअँप काही नॅनोसेकंदांत उसळतात आणि ग्राउंड हलतं. ड्रायव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर असतील तर दोघांचे सप्लाय वेगळे ठेवा, ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा.

तारतंतू
एक राहिलं: कोडिंग. अ‍ॅम्प्लिफायरनंतर १०० एनएफ आणि १ किलोओहमचं एसी कपलिंग (स्थिर पातळी अडवून फक्त बदल पुढे सोडणारं), मग ० की १ ते ठरवणारा एडीसीएमपी६०१ कंपॅरेटर. कच्चा डेटा पाठवलात तर लांबलचक शून्यांत पातळी सरकते आणि बिट चुकीचे वाचले जातात. ८बी/१०बी लावा, म्हणजे दर ८ बिटांसाठी ० आणि १ समतोल असलेले १० बिट. लाइनवरचा वेग ६२.५ एमबॉड होईल, त्याला ४४ मेगाहर्ट्झ लागतात. १० किलोओहमवर ४६ मिळत होते, म्हणजे काठावर, २.२ वर निवांत. आठही वाहिन्यांवर वेगवेगळ्या सुरुवातीचा पीआरबीएस-७ (यादृच्छिक भासणारा चाचणीचा बिटक्रम) एकदम सोडून तपासा. एकेकटी वाहिनी नेहमीच चांगली दिसते.