रात्री तीन वाजता कुणाचं वाचत बसायचात? बाळ लहान असतानाचे अनुभव सांगा

गोदाकाठची

परवा धाकट्या जावेकडे नाशिकच्या इंदिरानगरला मुक्कामाला होते, तिची लेक दीड महिन्याची आहे. रात्री पाणी प्यायला उठले तर खोलीत अंधार आणि दुपट्याआडून फोनचा उजेड, बाळ पितंय आणि ही एका हाताने काहीतरी वाचतेय. मला बघून दचकली, फोन उशीखाली सारला. दुपारीच सासूबाई बोलल्या होत्या की आताच्या मुलींना फोनमधल्या बायका घरच्यांपेक्षा जवळच्या वाटतात, ते लागलं असणार तिला. मी शेजारी बसले, म्हटलं दाखव की मला पण. कुणीतरी कोल्हापूरकडची बाई आहे, तिच्या बाळाला नीट ओढता येत नव्हतं त्याचं रोजचं रोज लिहिलंय तिने, आज पाच मिनिटं प्यायला, आज परत नाही प्यायला, असं.

आणि मला माझं २०१४ आठवलं. सातपूरला भाड्याची खोली, ह्यांना नाईट शिफ्ट, आई चाळीस दिवस राहून गेली कारण तिकडे वडिलांचं दुखणं. बाळ रोज संध्याकाळी सातला जे रडायला सुरू व्हायचं ते नऊ साडेनऊपर्यंत. डॉक्टर म्हणाले पोटात कळा येतात, सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल. बरोबरच होतं ते. पण तीन महिने म्हणजे नव्वद संध्याकाळी, त्या एकटीने कशा काढायच्या? तेव्हा एक बाई लिहायची तिच्या मुलाच्या रडण्याबद्दल, मराठीत, फोटो नाही काही नाही. नेट पॅक महाग, जिओ यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळे व्हिडिओ वगैरे प्रश्नच नाही, नुसतं वाचायचं. ती लिहायची आज बावन्नावा दिवस, आज मीही त्याच्याबरोबर रडले आणि मग वरण-भात गार झालेला खाल्ला. मी ते वाचून माझे दिवस मोजायचे. उपाय तिच्याकडे एकही नव्हता हो. पण तिचा मुलगा माझ्यापेक्षा पुढे होता आणि त्र्याण्णवाव्या दिवशी तो रडला नाही, ते वाचून मी खोलीत एकटी टाळ्या वाजवल्या होत्या.

तर जावेला फोन परत काढून दिला. तुम्ही कुणाचं वाचायचात, बघायचात, काय आवडायचं, काय मनाला लागलं, सगळं लिहा.

दोनपिल्लांचीआई

अगं माझी मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत तरी मी अजून तान्ह्या बाळांचे व्हिडिओ बघते. अंघोळ घालतानाचे तर फार. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

पेठरोडवाली

माझी डिलिव्हरी एप्रिल २०२०. एवढं सांगितलं की कळलंच असेल सगळ्यांना. आई धुळ्याला, येऊ शकत नव्हती. मालिशवाली मावशी ठरवून ठेवलेली तिला सोसायटीत सोडेनात. सासूबाई नाहीत मला. नवरा आणि मी, दोघांनी आधी बाळ हातात पण घेतलेलं नव्हतं नीट. पाय पसरून त्याच्यावर पालथं घालून अंघोळ कशी घालायची, मान कुठे धरायची, पाणी किती कोमट, हे मी खेड्यातल्या एका आजींच्या व्हिडिओवरून शिकले. नातसुनेने काढलेला, अंगणात, मागे कोंबड्या ओरडतायत. नवरा फोन धरून उभा आणि मी तसंतसं करतेय. त्या आजी शेवटी बाळाला म्हणतात "झालं झालं माझ्या राजा", मी पण तेच म्हणायला लागले, अजून म्हणते.

मग जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि आजी गेल्या. म्हणजे व्हिडिओ गेले, आजी असतीलच. नंतर खूप शोधलं, दुसरीकडे कुठे आल्या का ते, नाही सापडल्या. मला त्यांना फक्त दाखवायचं होतं की बघा, किती मोठा झालाय.

नागलीचालाडू

पेठरोडवाली, डोळ्यात पाणी आलं गं

सिडकोकर

बाबांनी लिहिलं तर चालेल ना. आमच्याकडे बायको एका परदेशातल्या बाईचं फॉलो करायची, इंग्रजीत, तिचं म्हणणं बाळाला रोज संध्याकाळी सातला झोपवा, खोली काळोखी करा, रडलं तरी लगेच उचलू नका. मी अंबडला कंपनीत, सेकंड शिफ्ट, घरी यायला साडेअकरा-बारा. फर्स्ट शिफ्ट असली की मी चारला घरी, तेव्हा बाळ जागं. सेकंडला आठवडाभर मला लेक दिसायचीच नाही, सकाळी मी उठेपर्यंत ती परत झोपलेली. बायको पण रडकुंडीला आलेली कारण लेक सातला झोपायचीच नाही, खाली पोरं खेळतायत, समोर आरती चाललीय, कुठून झोपणार. तिला वाटायचं आपलंच चुकतंय. त्या बाईचं घर आम्ही एकदा नीट बघितलं व्हिडिओत, बाळाला वेगळी खोली, बाहेर आवाज नाही, तिचा नवरा सहाला घरी. तिच्या घरात ते बरोबरच असेल. आमच्या दोन खोल्यांत नाही बसलं. मग सोडलं, लेक साडेआठ-नऊला झोपायला लागली आणि मी आलो की बारा वाजता एक फीड असायचं तेव्हा मी ढेकर काढायला खांद्यावर घ्यायचो. तेवढी पंधरा मिनिटं माझी.

गोदाकाठची

दादा फार छान लिहिलंत. बाबांनी पण लिहा अजून, वाट बघतेय

पंचवटीतली आजी

मुलींनो, तुमच्या सासवांना सांगा की हे काही नवीन नाही. आमच्याकडे किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक यायचं, ते १९३० पासूनचं, माझ्या आजेसासूबाईंपासून घरात होतं. मी १९८१ साली बाळंत झाले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू सगळं व्यवस्थित पण बोलायला कोणी नाही, कारण बोलायचं ते सासूसमोर बोलता येत नसे. मासिकात इतर बायकांचे अनुभव आणि पत्रं असत ती मी आधी वाचायची. एका बाईने लिहिलं होतं की मुलगा झाला पण मला आनंदच होत नाही, सगळे पेढे वाटतायत आणि मला पळून जावंसं वाटतं. मी ते पान फाडून ट्रंकेत ठेवलं. मला तसंच होत होतं आणि त्याला काही नाव असतं हेही माहीत नव्हतं. पुढे नातवाच्या वेळी डॉक्टरांनी सुनेला विचारलं, मन उदास राहतं का, झोप लागते का, तेव्हा मला कळलं की हे विचारतात आता.

नंतर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन जुने अंक बसून वाचायचे, नातू शाळेत सोडला की. आता डोळे थकले म्हणून मुलगी फोनवर लावून देते, तर माणसं तीच, फक्त आता चेहरा दिसतो.

इंदिरानगर_१०३

आजी ते पान अजून आहे का तुमच्याकडे?

पंचवटीतली आजी

ट्रंक २०१६ च्या पुरात भिजली बाळ. घर गोदाघाटाजवळ, खालच्या मजल्यावर पाणी आलं होतं. पान गेलं. पण मजकूर पाठ आहे.

कॉलेजरोड_वनबीएचके

मला लिहायला जरा जड जातंय पण लिहिते. मी त्या पांढऱ्या घरांच्या बायकांचं खूप बघायचे. सकाळी पाचला उठून ओटा चकाचक, काचेच्या बरण्यांवर लेबल, बाळाचा डबा पाच रंगांचा, आणि आईचे केस पण धुतलेले. आवडायचंच मला, खोटं कशाला सांगू, डोळ्यांना शांत वाटायचं, आमच्या घरात तेव्हा वाळत घातलेले लंगोट आणि सासऱ्यांची औषधं. पण बघून झालं की मी चिडचिड करायचे, एकदा मुलाने खिचडी सांडली तर फटका दिला, वर्षाचा होता तो. त्यादिवशी अनफॉलो केलं सगळ्यांना. ती बाई वाईट नव्हती, तिचं ते कामच होतं, मागे कॅमेरावाला असेल, बाई असेल कामाला. मला ते तेव्हा दिसायचं नाही एवढंच. आता एक आहे सांगलीची, तिच्या ओट्यावर कायम खरकटी कढई असते, तिचं बघते. बरं वाटतं.

दोनपिल्लांचीआई

आले परत. कॉलेजरोड, फटक्याचं मनात ठेवू नकोस गं, मोठा झाला की त्याला आठवणार पण नाही. मला अंघोळीचे व्हिडिओ का आवडतात ते सांगायचं होतं, माझी मोठी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होती एकवीस दिवस, मला अंघोळ घालायलाच मिळाली नाही पहिले दिवस. बस एवढंच.

पांढराकोट

मी नर्स आहे, एका लहान मुलांच्या दवाखान्यात. आया फोन पुढे करून विचारतात, सिस्टर हे बरोबर आहे का? मला आवडतं विचारलेलं, विचारत जा. काही गोष्टी मात्र कुणी कितीही गोड बोलून सांगितल्या तरी करू नका. वर्षाच्या आत मध नाही, चाटवायला पण नाही, त्यातून बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणी पण लागत नाही, उन्हाळ्यात पण नाही. काजळ नको, कानात-नाकात तेल नको. आणि जी बाई व्हिडिओत दुधाची पावडर किंवा बाटली दाखवून चांगली आहे घ्या म्हणते ना, तिथून उठा सरळ. दोन वर्षांखालच्या बाळांच्या पावडरी, बाटल्या, डबाबंद अन्न ह्यांची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, १९९२ चा कायदा, २००३ मध्ये अजून कडक केला. पावडर लागते काहींना, लागली तर डॉक्टर सांगतील, त्यात आईचा काही दोष नाही. पण ती जाहिरात बघून नको. बाकी वस्तूंचे पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट लिहायचं बंधन आहे, २०२१ पासून, तेवढं बघत जा.

पिंपळगावची सून

सिस्टरताई द्राक्षांचं पण सांगा ना. सांगते मीच. सासर पिंपळगाव बसवंत, घरचा बाग, सीझनला घरात क्रेट पडलेले असतात. मुलगी दीड वर्षाची, सासरे हातात अख्खा मणी देत होते आणि मी आदल्याच दिवशी एका आईचा व्हिडिओ बघितला होता की गोल द्राक्ष घशात बरोबर बूच बसल्यासारखं अडकतं. मी धावत जाऊन हातातून काढून घेतलं. सासऱ्यांना राग आला, म्हणाले तीन पिढ्या खातायत. मी त्यांना व्हिडिओ दाखवला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर ओट्यावर स्वतः बसून द्राक्षं चिरतायत, उभी, चार फोडी. पाच वर्षांची होईपर्यंत तसंच दिलं त्यांनी. नाशिकच्या आयांनो हे प्लीज पाळा, आपल्याकडे तर घरोघरी असतात.

सिडकोकर

हे माहीतच नव्हतं. आत्ता बायकोला पाठवलं

मखमलाबादकर

मी स्वतः असे व्हिडिओ करायचे, दोन वर्षं. आधी नुसतं माझ्या मुलाचं खाणं, मग लोक विचारायला लागले, रात्री बायका मेसेज करायच्या ताई माझा खातच नाही. शंभरेक मेसेजना उत्तर द्यायचे रोज, फार समाधान होतं त्यात. मग एक दिवस आम्ही कृषिनगरच्या ट्रॅकवर होतो आणि एक अनोळखी माणूस माझ्या मुलाला नावाने हाक मारून म्हणाला काय रे, आज भेंडी खाल्ली का? चांगल्या मनानेच म्हणाला असेल. पण मुलगा त्याच्याकडे हसत गेला. मी घरी येऊन त्याच रात्री चेहरा दिसणारे सगळे काढून टाकले. आता फक्त हात दिसतात आणि ताट. बघणारे निम्मे झाले. मेसेज करणाऱ्या बायका तेवढ्याच राहिल्या.

नागलीचालाडू

मखमलाबादकर ताई म्हणजे नागलीच्या (नाचणीच्या) सत्वाचा व्हिडिओ तुमचाच का?? मी त्यावरूनच केलं होतं! परत सांगता का, आता दुसऱ्याच्या वेळी विसरले

मखमलाबादकर

हो गं माझाच. नागली धुवून रात्रभर भिजव, सकाळी उपसून ओल्या कापडात घट्ट बांध, दीड-दोन दिवसांत मोड येतात, थंडीत जास्त लागतात. सावलीत खडखडीत वाळव, मंद गॅसवर हलकी भाज, दळून आण आणि मलमलच्या कापडातून चाळ. चाळण्याचा कंटाळा करू नकोस, कोंडा राहिला तर लहान पोटाला जड. सहा महिन्यांनंतरच, मीठ-साखर काही नाही.

पेठरोडवाली

नागली आमच्याकडे त्र्यंबकच्या बाजूच्या मावशी घेऊन येतात, एकदम ताजी. कुणाला हवी तर सांगा

पंचवटीतली आजी

मला एक किलो. आणि गोदाकाठची, जावेला सांग, दूध नीट ओढत नसेल तर बाळाला जवळ घेताना बाळाचं नाक तिच्या स्तनाग्रासमोर येईल असं धर, मान वाकडी नको, हनुवटी आधी टेकू दे. एकदा सिस्टरला पण दाखवा.

गोदाकाठची

दाखवते आजी. आत्ताच तिचा मेसेज आला, कोल्हापूरच्या बाईचं बाळ काल बारा मिनिटं प्यायलं.

पांढराकोट

वा!! आणि आपलं?

गोदाकाठची

आपलं सात. काल पाच होतं.