कर्नाटकाचा पिवळा-लाल झेंडा सरकारी आहे का?

नवा_बंगळूरकर:
नोकरीसाठी इथे येऊन आठ महिने झाले. रोज ज्या रिक्षाने मेट्रोपर्यंत जातो तिच्या आरशाला एक छोटा झेंडा बांधलेलाय, वर पिवळा खाली लाल, पिवळा उन्हाने पार विटलाय तरी काका काढत नाहीत. नोव्हेंबरात तर अख्खं शहर तेच. हा राज्याचा अधिकृत झेंडा का? मग मध्ये पांढरा पट्टा असलेला फोटो बघितला तो कुठला?

गंडभेरुंड:
अधिकृत नाही. कन्नड चळवळीतले मा. राममूर्ती यांनी १९६०च्या दशकात हा झेंडा केला, त्यांच्या कन्नड पक्षासाठी, आणि पुढे पक्ष मागे पडला पण झेंडा लोकांनी आपलासा केला, एवढी वर्षं कुठल्याही शिक्क्याशिवाय टिकलाय याचं मला खरंच फार कौतुक वाटतं. पांढऱ्या पट्ट्याचा तो मार्च २०१८चा, सिद्धरामय्या सरकारने समिती नेमून करून घेतला आणि मंजुरीसाठी केंद्राकडे धाडला. त्यात मधोमध राज्यचिन्ह आहे, त्यातला दोन डोक्यांचा पक्षी म्हणजे गंडभेरुंड. म्हैसूरच्या वाडियारांचं चिन्ह तेच, त्याआधी विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरही तोच. शिमोग्याकडे गेलास तर बळ्ळिगावीचा ११व्या शतकातला खांब चुकवू नकोस, वर माणसाचं धड आणि त्याला पक्ष्याची दोन डोकी, मी अर्धा तास मान वर करून बघत होतो.

सीमाभागातला:
माहिती बरोबर, पण बेळगावात वाढलेल्याला हा झेंडा एवढा साधा नाही. १ नोव्हेंबरला तिकडे राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापनादिन, आणि आमच्याकडे बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिवस, एकाच रस्त्यावर. डिसेंबर २०२० मध्ये महापालिकेसमोर हाच झेंडा उभारला तेव्हा किती तणाव झाला होता. त्यांच्या भाषेच्या प्रेमाबद्दल तक्रार नाहीये, प्रेम आम्हालाही कळतं, फक्त आमच्या दारात तो लावताना आम्हालाही विचारा एवढंच.

नवा_बंगळूरकर:
दोघांचे मनापासून आभार, बेळगावची बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. आज काकांना विचारलं, रंग हेच का? म्हणाले अरिशिण-कुंकुम, म्हणजे आपलं हळदीकुंकूच की! पांढऱ्या पट्ट्याचा लावणार का म्हटलं तर मान हलवली, आणि सीटखालून कोरा करकरीत पिवळा-लाल काढून दाखवला, १ नोव्हेंबरला बदलायला आणून ठेवलाय.