घडीचा चाकू हजाराच्या आत घ्यायचा तर आधी काय बघावं: पोलाद की खटका?

अंबडचा बागायतदार

भाच्याने परवा साडेचारशेचा चाकू मागवला. पात्यावर ठळक '४४० स्टेनलेस', बाजूला दमास्कससारख्या लाटांची नक्षी, मुठीत काच फोडायचं टोक आणि पट्टा कापायची खाच. घरात सगळे खूश. मी उघडून पातं वर-खाली हलवलं तर टकटक वाजलं. परत पाठवायला लावला.

माझं मत स्पष्ट आहे. या किमतीत पोलादाचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी खटका, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर अडकवून ठेवणारा भाग, आणि सांधा. बोथट पात्याने काम अडतं, पण खटका सुटला तर पातं थेट बोटांवर मिटतं.

तपासायचं असं. चाकू पूर्ण उघडा, एका हातात मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पातं धरून आडवं हलवा. जरासा खेळ असेल तर सांध्याचा स्क्रू आवळून जातो. मग वर-खाली हलवा. इथला खेळ स्क्रूने जात नाही, कारण पात्याचं बूड आणि खटक्याची पट्टी एकमेकांवर नीट बसलेलीच नसते. लायनर लॉक असेल, म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे अडकत असेल, तर उजेडात धरून आत बघा. पट्टी बुडाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत गेलेली हवी. नुसती कडेला टेकली असेल तर दाबाखाली निसटते. नव्या चाकूतच ती पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल, तर पुढे झीज होईल तेव्हा सरकायला जागाच नाही.

बिनखटक्याचा, नुसत्या स्प्रिंगच्या ताणावरचा चाकू वाईट असतो असं नाही. व्हिक्टोरिनॉक्सचे खिशात मावणारे लाल चाकू बहुतेक तसेच आहेत. फक्त त्याने टोचायचं, खुपसायचं काम करू नये, ओढून कापावं.

आणि नुसतं '४४०' म्हणजे काय समजायचं? ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत. ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२०. कार्बन जास्त तितकं पातं कडक होतं, पण कोणतं ते लिहीतच नाहीत. या भावातली लाटांची नक्षी तर वरून उमटवलेली असते, दोन-तीन महिने वापरलं की पुसट होते.

वाळूज टूलरूम

दादा, खटक्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण पोलाद शेवटी बघा हे मला पटत नाही, आणि हे वाचून कुणी ३सीआर१३ या मऊ स्टेनलेसचं पातं घेऊन बसेल म्हणून लिहितोय. त्यात कार्बन जेमतेम ०.३ टक्क्याच्या आसपास. कितीही चांगली भट्टी लावा, त्याला धार टिकवण्याइतका कडकपणा येत नाही. ८सीआर१३एमओव्ही या दुसऱ्या स्टेनलेसमध्ये ०.८ च्या आसपास कार्बन असतो. किमतीत फरक शंभर-दोनशेचा, पण कामात फार मोठा.

आमच्याकडे डाय, म्हणजे साचे, बनवायला डी२ नावाचं पोलाद रोज हातात असतं. दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम. हल्ली हजार-बाराशेच्या चाकवांतही ते येतं. धार इतकी टिकते की स्वस्त चाकू वापरलेल्या माणसाला पहिल्यांदा खोटंच वाटतं. नाव बघायलाच पाहिजे.

अंबडचा बागायतदार

भाऊ, तुम्ही डी२ च्या बारला पाणी देता, म्हणजे तापवून गार करून कडक करता, तेव्हा तापमान मोजता, नंतर मशीनवर कडकपणा मोजता. साडेचारशेच्या चाकवाला हे कोणी केलं याचा काय पुरावा? नाव कोरायला खर्च लागत नाही. पाणी नीट बसलं नसेल तर डी२ ची धारसुद्धा वळते. म्हणून जे हातात धरून तपासता येतं ते मी आधी तपासतो.

वाळूज टूलरूम

पाणीसुद्धा तपासता येतं की. बारीक दाताची चांगली कानस घ्या आणि पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, हलकेच फिरवा. कानस घसरून गेली तर पोलाद कडक आहे, खरवडून चुरा निघाला तर मऊ. धारेवर कानस लावू नका. लोहचुंबक चिकटतं म्हणून पोलाद चांगलं असं दुकानदार सांगतात, त्याला अर्थ नाही. चुंबक मऊ लोखंडालाही चिकटतं. उलटं मात्र खरं: चुंबक अजिबात चिकटत नसेल तर ते भांड्यांच्या जातीचं स्टेनलेस आहे, त्याला पाणी बसतच नाही. असा चाकू तिथेच ठेवून या.

बदनापूरची नर्सरीवाली

तुम्हा दोघांच्या वादात काम कोणतं हेच राहून गेलं. माझ्याकडे हंगामात मोसंबीची कलमं करायला, म्हणजे डोळे भरायला, बायका बसतात. रंगपूर लिंबाचा पेन्सिलीच्या जाडीचा खुंट, जमिनीपासून वीतभर वर इंग्रजी टी सारखा छेद, साल दोन्हीकडे अलगद उचलायची आणि डोळा आत सरकवून पट्टी बांधायची. डोळा काढताना पातं एका ओढीत, सपाट जावं लागतं. मध्ये थांबलं किंवा सांध्यात डगमगलं की कापाला खाच पडते, खाली पोकळी राहते आणि तो डोळा वाळतो. त्यामुळे खटक्याबद्दल अंबडचे दादा बरोबरच आहेत.

पण पोलाद शेवटी हे आमच्या कामात चालत नाही. मोसंबीत एक्सोकॉर्टिससारखे रोग चाकवाच्या पात्यावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. त्यासाठी पातं सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) पाण्यात बुडवावं लागतं, त्या रोगाला नुसतं स्पिरिट पुरत नाही. साध्या कार्बन पोलादाला हे पाणी लागलं की संध्याकाळपर्यंत तांबूस डाग. डी२ सुद्धा पूर्ण स्टेनलेस नाही, त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनबरोबर बांधलं गेलेलं असतं, त्यामुळे तेही गंजतं. आम्हाला खरं स्टेनलेस लागतं, धार थोडी लवकर गेली तरी चालेल, निसण्यावर दोन मिनिटांत परत येते.

आणि एक गोष्ट दोघांनीही लिहिली नाही. सांधा खोलता आला पाहिजे. रिव्हेट ठोकलेल्या चाकवात ते पाणी आत शिरतं आणि गंज आतून धरतो. स्क्रूचा असेल तर रात्री खोलून साध्या पाण्याने धुवायचा, पुसायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. मी विकत घेताना आधी स्क्रू बघते.

लोहा तालुका

तुमी सगळे पॅकिंगमधल्या मालावर कशाला भांडायलाव? माळेगावच्या यात्रेत घिसाड्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा चाकू करून घ्या. डोळ्यासमोर तापवतो, डोळ्यासमोर पाणी देतो. पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, दणका सोसतं, सहजी तुटत नाही. खटका नाही, सांधा नाही, हलायचं काही कामच नाही. म्यान शिवून कमरेला लावा. आमच्याकडं पाचटापासून नारळापर्यंत सगळं त्याच्यावर चाललंय.

उदगीरचा गडी

मामा, घिसाड्याच्या हातच्या विळ्याबद्दल कोणी काही बोलणार नाही. पण पाट्याचं पोलाद मुळात कार्बनचं, ताईंच्या हायपोक्लोराइटमध्ये ते दोन दिवस टिकणार नाही. आणि तालुक्याला, बँकेत, एसटीत कमरेला म्यान लावून कसं फिरायचं? घडीचा चाकू लोक घेतात तो खिशात मिटून राहतो म्हणून. तो मिटता यावा ही अट सोडली तर मग कोयताच घ्यावा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्र म्हणून धरला जातो, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण आपल्याकडे सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. तेव्हा गर्दीत छोटा चाकूसुद्धा खिशात ठेवून जाऊ नका, आणि बटण दाबताच उडून उघडणारा तर कधीच नको. शेतातून आलात तर गाडीच्या डिकीत टाका.

परभणी ०२

खटका तपासायला एक सोपी युक्ती: पातं उघडून त्याची पाठ टेबलावर जोरात आपटायची. मिटलं तर चाकू बाद.

वाळूज टूलरूम

कृपा करून हे करू नका. आपटल्याने चांगल्या खटक्याची कडही दबते, आणि जो चाकू आज ठीक होता तो उद्यापासून हलायला लागतो. शिवाय मिटला तर बोटं मधे. पाठीवर अंगठ्याने हळूहळू जोर वाढवत नेला की पुरे, बाकीची बोटं पात्याच्या वाटेत ठेवायची नाहीत. चाकवाच्या पाठीवर ठोकायचं काम रोजच्या वापरात येत नाही, मग ती परीक्षा कशाला?

ताईंचा स्क्रूचा मुद्दा मात्र मी माझ्या यादीत वर घेतला. पण दादा, अजूनही सांगतो, दोन चाकवांचे खटके सारखेच बसत असतील तर पात्यावरचं नाव वाचूनच निवड करा. कार्बन किती ते विक्रेत्याला विचारा, उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

अंबडचा बागायतदार

खटके सारखे बसत असतील तर, हे तुमचं वाक्य मला मान्य आहे. पण या भावात सारखे बसत नाहीत हीच माझी तक्रार आहे. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले दोन चाकू हातात घ्या, एक घट्ट आणि दुसरा खुळखुळा निघतो. म्हणून शक्यतो दुकानात जाऊन चार उघडून बघून घ्या, आणि ऑनलाइन घेतला तर परत करायची मुदत संपायच्या आत तपासा.

किनवटची शेतकरी

बदनापूरच्या ताई, मी डावखुरी आहे. कलमाचा म्हणून जो चाकू मिळाला तो एकाच बाजूने तासलेला आहे, आणि माझ्या हातात काप सपाट येत नाही, पातं आत शिरतं. दोन्ही बाजूंनी तासलेला घेऊ का?

बदनापूरची नर्सरीवाली

तो उजव्या हातासाठी तासलेला आहे, तुमच्या हातात दोष नाही. डावखुऱ्यांसाठी उलट बाजूने तासलेले मिळतात, पण तालुक्याच्या दुकानात शोधूनही सापडणार नाहीत, मागवावे लागतील. तोवर दोन्हीकडून तासलेला साधा स्टेनलेस घ्या, पातळ पात्याचा. पातं जाड असेल तर साल उचलताना फाटते. आणि खटक्याची पट्टी डाव्या अंगठ्याने सोडता येते का हे दुकानातच करून बघा, बहुतेक लायनर लॉक उजव्या हाताच्या सोयीने केलेले असतात.