रोज शंभर फोटो काढले की नजर येते?

पन्नासएमएम

परवा एकाने लिहिलं होतं: "नजर तयार करायची तर रोज शंभर फोटो काढा. पुस्तकं, प्रदर्शनं बघू नका. दुसऱ्यांचं काम बघितलं की आपली नजर बिघडते." खाली सगळे "अगदी बरोबर" म्हणून मोकळे झाले. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

शंभर फोटो काढून हात बसतो. तो बसायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण नजर तयार होते ती नंतर घरी बसून, त्या शंभरातले बहुतेक का फसले हे बघताना. ते काम कोणालाच नको असतं. रोलच्या काळात ते आपोआप व्हायचं. ३६ फ्रेम, त्यांची काँटॅक्ट शीट (सगळ्या रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर), वर भिंग आणि हातात लाल पेन्सिल. एका चौकटीत माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, पुढच्या चौकटीत तुम्ही अर्धं पाऊल डावीकडे सरकलात आणि खांब सुटा झाला, हे शेजारी शेजारी दिसायचं. आता फोन भरला की जागा रिकामी करायची म्हणून फोटो उडवतात. त्यातून काय शिकणार?

गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर फिल्म मुद्दाम उशिरा धुवायचा, कधी वर्षभराने. फोटो काढतानाची मनःस्थिती विसरली जावी आणि समोर आहे तो फोटो परका म्हणून तपासता यावा, एवढ्यासाठी.

आणि दुसऱ्यांचं बघू नका? फ्रेंच फोटोग्राफर कार्टिए-ब्रेसाँ आधी आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकला. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या. यांची नजर बिघडली का?

तिसरी गोष्ट, जागा. मरीन ड्राइव्हच्या मधोमध उभे राहा. डिसेंबरात सूर्य समुद्रात बुडतो, मे महिन्यात तो मलबार हिलच्या मागे जातो. शंभर फोटो एकाच संध्याकाळी काढणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.

लोकल_सात_बावन्न

ते मी लिहिलं होतं आणि अजूनही त्यावर ठाम आहे.

तुमच्या यादीतली सगळी माणसं शिकलेली, ज्यांना शिकायला वेळ होता अशी. मी अंबरनाथहून सीएसएमटीला जातो. एनसीपीएच्या पिरामल गॅलरीत निवांत प्रदर्शन बघायला मला कोण सुट्टी देणार? एका फोटोबुकच्या किमतीत घरात महिन्याचा किराणा येतो. माझ्याकडे फोन आहे आणि दरवाजाजवळची जागा आहे. थंडीत ठाणं सोडलं की ऊन डावीकडून तिरकं आत येतं. गाडी पादचारी पुलाखाली शिरली की दांड्याला धरलेल्या हातांवरून सावलीची पट्टी सरकते, अर्धा सेकंद, बस्स. ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. रोज काढत गेलो, दिसायला लागलं.

व्हिव्हियन मायर ही फोटोग्राफर शिकागोत मुलं सांभाळायची. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे राहिल्या, २००७ साली लिलावात निघाल्या, त्यानंतर जगाला कळलं. तिला कुठल्या जे. जे.ने शिकवलं? आणि तुमच्या विनोग्रँडने मरताना अडीच हजारांच्या आसपास रोल न धुताच ठेवले. तो काढतच सुटला होता की!

पन्नासएमएम

मायर लहान असताना ती आणि तिची आई जीन बर्ट्रांड नावाच्या फोटोग्राफर बाईंकडे राहत होत्या. १९३० च्या जनगणनेत तशी नोंद आहे. म्हणजे कॅमेरा आणि तो चालवणारी बाई तिने घरातच पाहिली होती.

विनोग्रँडचं म्हणाल तर त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या कामाबद्दल समीक्षक आजही भांडतात. ते रोल त्याने स्वतः बघितले नाहीत हीच तर अडचण.

आणि तुमचं सावलीच्या पट्टीचं उदाहरण माझंच म्हणणं सिद्ध करतं. तीच गाडी, तोच दरवाजा, तेच ऊन. तुम्ही जागेचा अभ्यास केलात.

माहीमची_पोर

जागेचा अभ्यास म्हणताय म्हणून बोलते. माझी आत्या ससून डॉकला पहाटेच्या मासळीच्या लिलावाला जाते. एक फोटोग्राफी वर्कशॉपवाला दर थोड्या दिवसांनी पोरांचा घोळका घेऊन येतो. पोरं वाटेत फतकल मारून बसतात, पाटी घेऊन चाललेल्या बायांना वळसा घालावा लागतो, खाली ओलं, घसरलं की कंबर जाते. तोंडासमोर हातभर अंतरावर लेन्स. आत्याने एकाला "बाजूला हो रे" म्हटलं, तर त्याने ओरडतानाचा चेहरा टिपला आणि खूश होऊन मित्राला दाखवला.

पुढे तो फोटो एका स्पर्धेत लागला. ब्लॅक अँड व्हाइट, खाली मथळा "संघर्ष". आत्या त्या दिवशी पापलेटच्या भावावरून भांडत होती आणि तिला हवा त्या भावाने माल मिळाला होता! अंगावर पोपटी लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, केसांत अबोलीचा गजरा. सगळं राखाडी करून तिला बिचारी करून टाकली. फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी ही मुंबई रंगात टिपली, ती कुठे कमी खरी वाटते? कष्टकरी माणूस दिसला की रंग काढून टाकायचे, ही तुमची तयार झालेली नजर?

रस्त्यावरचा

तुमच्या आत्याला त्रास झाला हे वाईटच. पण परवानगी मागितली की माणूस लगेच पोझ देतो, केस सारखे करतो. मग रस्ता संपला आणि स्टुडिओ सुरू झाला. सार्वजनिक जागी न विचारता टिपणं ही स्ट्रीट फोटोग्राफीची अटच आहे. वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझांनी २००८ साली सीएसटीवर कसाबचा फोटो काढला तो काय विचारून?

माहीमची_पोर

अतिरेकी आणि माझी आत्या एका वाक्यात? लिहिण्याआधी एकदा वाचलंत का? तिथे जीव मुठीत धरून एक माणूस पुरावा टिपत होता. इथे तुम्ही रविवारी सकाळी पैसे भरून, टोपी घालून, बायांच्या कामाच्या जागी घुसता. डॉक म्हणजे तुमचा रस्ता नाही, आमचा कारखाना आहे. तुमच्या ऑफिसात येऊन मी तुमच्या तोंडासमोर कॅमेरा धरला तर चालेल?

रस्त्यावरचा

तुलना चुकली, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. असं प्रत्येक ठिकाणी "आमची जागा" म्हणायला लागलात तर या शहराचं काहीच नोंदलं जाणार नाही.

पन्नासएमएम

नोंदलं जातं, पण वेळ द्यावा लागतो. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम टिपलं. गटारात उतरलेल्या माणसांबरोबर वर्षानुवर्षं राहून. त्या फोटोंत माणसं कॅमेऱ्याला बुजलेली नाहीत, पोझही देत नाहीत. ओळख झाली की पोझ संपते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. (आणि ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहेत. दोष रंग काढण्याचा नसतो, न विचारता "संघर्ष" चिकटवण्याचा असतो.)

माहीमची_पोर

ओलव्यांचं मान्य. त्यांना त्या माणसांची नावं माहीत असतात. बाकीच्यांनी त्यांचं नाव पुढे करू नये.

फोर्टचा_जुना

बोरा बाजारात कॅमेरे दुरुस्त करायला चकरा मारणाऱ्या पिढीतला मी, उभी हयात लग्नं केली. नजरेच्या गप्पांत लग्नवाल्याला कोणी धरत नाही, याचा मला राग आहे. आम्हाला "व्हिडिओवाला, जरा सरका" एवढीच किंमत. अहो, शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो आणि दोघं एकमेकांना बघतात. तेवढ्यात अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, कोणीतरी काका हात वर करून मध्ये येतो. पुन्हा होत नाही ते. मी आधी भटजींना विचारून ठेवायचो, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार? नवरीच्या आईला विचारायचो, रडणारं कोण आहे घरात? मग फ्लॅश कुठे, उभं कुठे राहायचं, सगळं ठरायचं. विचारलं म्हणून एकाही नवरीचे डोळे खोटे आले नाहीत.

रस्त्यावरच्यांना माझं सांगणं एवढंच. पुढे काय घडणार हे ज्याला माहीत, त्यालाच ते दिसतं. आणि माहीत करून घ्यायचं तर तोंड उघडावं लागतं.

लोकल_सात_बावन्न

काकांचं पटलं. मीही कोणत्या स्टेशनला कोण चढतं ते ओळखतो, म्हणून आधीच फोन काढून ठेवतो.

पन्नासएमएम, निवडीचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य करतो. काल रात्री थंडीतले दाराचे फोटो ओळीने बघितले. बऱ्याच फोटोंत पट्टी हातावर आहे आणि चेहरा मात्र काळोखात गेलाय. रोज काढत होतो, हे रोज दिसत नव्हतं. पण पुस्तकं न बघता काही येत नाही, हे मी मानणार नाही. ते तुमच्या खिशाचं शहाणपण आहे.

पन्नासएमएम

विकत घ्या असं म्हटलं नव्हतं. जे. जे.चं वार्षिक प्रदर्शन बघायला तिकीट लागत नाही, आणि ते तुमच्या सीएसएमटीहून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. एकदा संध्याकाळी उतरून बघा आणि मग नजर बिघडली का ते लिहा.

रस्त्यावरचा

मी प्रत्येकाला विचारून फोटो काढेन असं वचन देणार नाही. देऊन मोडण्यात अर्थ नाही. डॉकवर घोळक्याने जाणार नाही, एवढं नक्की.

माहीमची_पोर

तेवढ्याने भागत नाही. लिलाव चालू असताना येऊच नका. तो उरकला, माल टेम्पोत चढला की बाया चहाला टेकतात, तेव्हा या, एकटे या. आणि फोटो काढलात तर पुढच्या वेळी त्याची प्रिंट घेऊन या. आत्याचे इतके फोटो निघाले, घरात तिचा एकही नाही.