कॉम्प्युटस : पंचांग, कालगणना की आणखी काही?

प्रश्न : मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितांच्या एका सूचीचं मराठी करतोय. ‘कॉम्प्युटस’ पानोपानी येतो, कुठे ‘कॉम्पोटस’ असाही. मी ‘पंचांग’ लिहिलं, एका मित्राने ‘कालगणना’ सुचवलं. काय ठेवू?

उत्तर : दोन्ही नको, असं माझं मत. मूळ क्रियापद ‘कॉम्प्युतारे’, म्हणजे हिशेब करणे. इंग्लंडात जमीनदारीच्या जमाखर्चाच्या गुंडाळ्यांनाही ‘कॉम्पोटस’ म्हणत, त्यामुळे सूचीत तो शब्द दिसला की मजकूर आधी बघा. चर्चच्या ग्रंथांत मात्र हा हिशेब एका प्रश्नासाठी असे : यंदा ईस्टर कधी? 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी चंद्राची चौदावी तिथी धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये फिरतो. सण ठरवण्यासाठी केलेल्या अशा शास्त्राला आपल्याकडे धर्मशास्त्रातला तयार शब्द आहे, ‘कालनिर्णय’. ‘निर्णयसिंधु’, ‘धर्मसिंधु’ हे ग्रंथ हेच तर करतात.

आणि निर्णय चुकला की घरात दोन सण होतात. सातव्या शतकात उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ईस्टर साजरा करी, तेव्हा राणीचे ईस्टरआधीचे उपास चालूच असत, कारण दोघांची गणितं वेगळी. आपल्या स्मार्त आणि भागवत एकादशीसारखंच. हा वाद 664 मध्ये व्हिटबीच्या धर्मसभेत मिटवला गेला. बीड या मठवासी विद्वानाने हे नोंदवलंय, आणि त्यानेच 725 मध्ये कॉम्प्युटसवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात बोटांवर आकडे मोजण्यापासून होते. मला ते प्रकरण फार आवडतं.

प्रश्न : पण ‘कालनिर्णय’ म्हटलं की वाचकाला भिंतीवरचं कॅलेंडर आठवेल. शिवाय यात खगोलही आहे ना?

उत्तर : शंका रास्त आहे. पहिल्या उल्लेखात ‘ईस्टरचा कालनिर्णय’ लिहा, पुढे नुसतं ‘कॉम्प्युटस’ चालेल. खगोल आहे, पण चंद्र कोष्टकातला. आकाशातला चंद्र कधी कधी हिशेबापेक्षा जास्त दिवसांचा का दिसतो, यावर बीडने स्वतंत्र प्रकरणच लिहिलंय.

खरी मजा पुढच्या शब्दात आहे, ‘एपॅक्टा’. सौरवर्ष 365 दिवसांचं, चांद्रवर्ष 354 चं, म्हणून दरवर्षी 11 ची भर. ठरलेल्या दिवशी, म्हणजे 22 मार्चला, चंद्राचं वय (अमावास्येपासून झालेले दिवस) 0, पुढच्या वर्षी 11, मग 22, मग 33. त्यातले 30 वजा केले की उरले 3, आणि वजा झालेले 30 म्हणजे ‘एम्बोलिस्मस’, आपला अधिक मास. 19 वर्षांत असे सात. ‘एपॅक्टा’ला ‘वाढीव दिवस’ म्हणून भागेल, पण आपल्या ज्योतिषग्रंथांत सौरवर्षाच्या आरंभी गेलेल्या तिथींना ‘शुद्धि’ म्हणतात. कल्पना तीच, शब्द आयता.

सूचीत दिनदर्शिकेचं पानही येईल. डावीकडे रोमन आकडे, एक ते एकोणीस, ते 19 वर्षांच्या चंद्रचक्रातलं वर्ष सांगतात. शेजारी ए ते जी ही वाराची अक्षरं. माथ्यावर रंगवलेलं मोठं ‘केएल’, म्हणजे ‘कलेंडे’, महिन्याचा पहिला दिवस. तारखा उलट्या मोजायच्या : 25 डिसेंबरला ‘जानेवारीच्या कलेंडेचा आठवा’ लिहिलेलं असतं. मोठे सण लाल शाईत. ‘कलेंडारियम’ मुळात सावकाराची वही होती, कारण व्याज कलेंडेला द्यायचं असे. त्यामुळे त्या पानाला ‘पंचांग’ म्हणू नका, पाच अंगं त्यात नाहीतच. ‘सणांची दिनदर्शिका’ लिहा.