प्रतिसाद: भीती गेली, वळण नाही जमलं

घाटात मोटरसायकल चालवण्याबद्दल ‘भीती गेली की गाडी आपोआप वळते’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कन्नडच्या औट्रम घाटात माझी भीती चार-पाच फेऱ्यांतच गेली होती. हात मात्र तेच, बीड-लातूरच्या सरळ रस्त्यावर तयार झालेले. एकदा चाळीसगावकडे उतरताना (जड वाहनं तिथून जायची तेव्हाची गोष्ट) एक डावं वळण आत आत आवळत गेलं. समोर ट्रक. नजर त्याच्या बंपरला चिकटली आणि गाडीही तिकडंच निघाली! झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला, तर ती उभी राहून आणखीच सरळ जायला लागली. ट्रकवाल्यानं कड धरली म्हणून वाचलो. शिव्या खाल्ल्या, त्या हक्काच्याच होत्या.

वेग ४० चा ६० केला की त्याच वळणाला टायरची रस्त्यावर सव्वादोनपट पकड लागते. आता ब्रेक-गिअर वळणाआधीच उरकतो, नजर वळण संपतं तिकडं. आणि डावीकडं वळायचं तर हँडलची डावी मूठ हलकी पुढं ढकलतो. उलटं वाटतं, पण रिकाम्या रस्त्यावर ३० च्या वेगानं करून बघा. फक्त ऊसतोडीच्या दिवसांत नको, वळणावर पाचट सांडलेलं असतं.