विषय: पूरनिधी – दूध पावडरचे डबे

मंडळी, नमस्कार.
पूरनिधीतून सांगलीतल्या छावण्यांमधल्या तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे आणि बाटल्या पाठवाव्यात, असं कार्यकारिणीचं मत पडलं. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावी.
– चिटणीस

काका, हरकत आहे!
माझी मावशी निवृत्त नर्स, सांगलीवाडीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा ती छावणीत राबत होती. पावडर कालवायची कशात? नळ बंद, बाटल्या उकळायला गॅस नाही. गढूळ पाण्यातलं दूध पोटात गेलं की बाळाला जुलाब ठरलेले. शिवाय १९९२ च्या कायद्यानं असे डबे आणि बाटल्या कुणालाही फुकट वाटायला बंदी आहे, अपवाद अनाथालयांचा.

मावशी फोनवर म्हणाली, "धास्तीनं दूध आटलं म्हणून बाया रडत्यात. आटत नसतंय गं. बाळाला पुन्हापुन्हा छातीशी धरलं की येतंय. पण शंभर माणसांच्या हॉलमध्ये ती पदर कुठं घेणार?"

म्हणजे पहिली गरज आडोशाची. पडदा, चटई, आईला गरम जेवण. मग कोरडे कपडे, पॅड, ओआरएस. जुलाब झालेल्या मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस, पण त्या आशाताईंमार्फत. ज्या बाळाची आईच जवळ नाही, त्याला पावडर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि वाटी-चमच्यानं. बोंडलंसुद्धा नको, त्याची चोच नीट धुतली जात नाही.

खजिनदाराकडून एक भर: आपलं मंडळ परदेशातलं, त्यामुळे मंडळाच्या खात्यातून पैसे गेले तर ती परदेशी देणगी. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) खाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर तिला एक रुपयाही घेता येणार नाही. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या बँक खात्यातून दिलेले पैसे त्यात मोडत नाहीत. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या मंडळींचे, मात्र मोडतात. तेव्हा आधी संस्थेची नोंदणी तपासू, भावनेच्या भरात बटण दाबू नका.

डब्यांची ऑर्डर थांबवली. कपड्यांत साड्या घ्यायच्या का? गेल्या वेळच्या दिवाळी मेळाव्यातल्या बऱ्याच पडून आहेत.
– चिटणीस

काका, त्या जरीच्या साड्या राहू द्या! मावशी म्हणते पुढून बटणांचे सुती गाऊन, मोठ्या मापाचे. विकत तिथंच घेऊ, मिरजेच्या बाजारात मिळतील. कुरिअरच्या खर्चात आणखी चार येतील.